गिअरखालचा डोळा

“उद्याच्या गाडीत गुंजन नाही!” केशरआजीनं ठणकावून सांगितलं. “अन् बाळालेही हात लावाचा नाही तिनं!”

गुंजन पाय आपटत अंगणात आली. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिचा मोठा भाऊ वीरेंद्र सिहोऱ्याला मामाकडे आले होते, ते खास मामाच्या दीड महिन्याच्या बाळासाठी. उद्या बाळाला डोस द्यायला तुमसरला न्यायचं होतं. आणि हिलाच बंदी!

“मी काय केलं? ‘किती गोड आहे’ एवढंच म्हणलं ना!”

“अन् मग काय झालं?” वीरेंद्र म्हणाला. “परवा मामीच्या माहेरून, लाखनीहून येताना बाळ रडून रडून निपचित पडलं. मामीले उलटी झाली. माहं डोकं ठणकलं. आजी म्हणते, तुही नजर लागली.”

“देऊ का एक? माहंही डोकं दुखत होतं! मी स्वतःलेच नजर लावली का बे?”

खरंच की!

“पण काल मामासंग बपेऱ्याले गेलो, तेव्हा कोणालेच काही झालं नाही,” वीरेंद्र डोकं खाजवत म्हणाला. “गाडी तीच. आपणही तेच. फक्त बाळ नव्हतं.”

“म्हणजे बाळाचा दोष? काहीही बोलतं तू!”

तेवढ्यात शेजारची कामिनी आपल्या कोंबडीमागे धावत आली. कोंबडी सरळ गाडीखाली घुसली.

“बाळ असलं की काचा बंद असतात ना, हवा लागू नये म्हणून?” ती धापा टाकत म्हणाली. “काल तर खाली होत्या.”

गुंजन जागच्या जागी थांबली. काचा बंद केल्या की त्रास, उघडल्या की नाही! पण मग आत काय येत होतं? अन् कुठून?

तिघंही गाडीत शिरली. गाडी जुनी, पण धर्मेंद्रमामानं मागच्याच हप्त्यात तिला आखूड, चकचकीत गिअरचा दांडा बसवून घेतला होता. “निस्तं मनगट हालवा, गिअर पडते!” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

“हे पाह्य,” गुंजननं बोट दाखवलं. बाकी गाडी स्वच्छ, फक्त गिअरभोवती बारीक धुळीचं कडं! तिनं दांड्याभोवतीचं चामड्याचं कव्हर उचकटलं. खाली भोक. भोकाच्या चार कोपऱ्यांत स्क्रूची चार रिकामी छिद्रं. अन् भोकात एक गोल, लाल डोळा!

“आई वं! कोणीतरी पाहून राहिलं!” वीरेंद्र उडालाच.

“माही कोंबडी होय ते!” कामिनी ओरडली.

गाडीत बसून खालची कोंबडी दिसते? तिघं भोकाचं सांगायला मामाकडे धावली. मामा हसला. “वरून चामडं आहे ना! भूपेंद्र मिस्त्रीनं बसवलं ते. त्याले कळत नाही, अन् तुमाले कळते?”

गुंजनचं डोकंच सटकलं. ती थेट भूपेंद्रच्या गॅरेजवर गेली. मागोमाग बाकीची दोघं. भूपेंद्र एका ट्रॅक्टरमध्ये ऑइल ओतत होता. काळ्या रबराचं नरसाळं, वर रुंद अन् चौकोनी, खाली निमुळतं. गुंजन टक लावून पाहत राहिली.

“भूपेंद्रदादा, नरसाळ्याले चार कोपऱ्यांत छिद्रं कायले?”

भूपेंद्रचा हात थांबला. “ते... तुह्या मामाच्याच गाडीचं होय. गिअरचा आतला बूट, खालचं भोक झाकाचं रबर. नव्या जाड दांड्यावर चढत नव्हता. राहू दिला. काय फरक पडते?”

“फरक? खालचा धूर आत येते! काचा बंद करून दीड महिन्याचं बाळ बसते त्यात!”

भूपेंद्रचा चेहरा उतरला. तो अवजारं घेऊन धावतच आला, गाडीखाली शिरला अन् हळूच म्हणाला, “धर्मेंद्रभाऊ, सायलेन्सरच्या जोडातूनही धूर फुंकून राहिला.” मामाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

आधी जोडाची पॅकिंग बदलली. मग दांड्याची मूठ काढली. बूट धुऊन, साबणाचं पाणी लावून, पिळत पिळत दांड्यावर चढवला. वरून पत्र्याची चौकट दाबून चारही स्क्रू आवळले. वीरेंद्र टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झाला.

“उजेड दिसते का?”

“नाही!” गुंजन आतून ओरडली.

“कोंबडी?”

“तेही नाही!”

सकाळी मामानं काचा बंद करून आधी एकट्यानंच मोठा फेरा मारला. उतरला तो सरळ गुंजनसमोर. “डोकं शाबूत आहे माहं. तुह्यामुळं, पोरी! काल ऐकलं नाही तुहं, चुकलो मी.”

गुंजन मात्र लांबच उभी होती, हात पाठीमागे घेऊन. केशरआजी काजळाची डबी घेऊन आली. बाळाच्या गालावर तीट लावली. मग न बोलता बाळ गुंजनच्या हातात दिलं, अन् दुसरी तीट गुंजनच्या गालावर!

“मले कायले, आजी?”

“बस आता गाडीत,” आजी म्हणाली. “आज साऱ्या गावाची नजर तुह्यावरच हाय!”