टिकारामचा नंबर

"ठेव तो मोबाईल, उमेंद्र. गोल फिरून राहिलं नं? फिरू दे. आपण थकतो, ते थकत नाई."

यादोरावांनी धानाच्या पुंजण्याला, कापून रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगाला, पाठ टेकली. राखणीला आलेली पोरं शेकोटीजवळ सरकली.

"भुताची सांगता का जी?" प्रफुलनं विचारलं.

"भूतगित मले मालूम नाई. भूपेंद्र माह्या साडूचा पोरगा. त्याच्यासंगं झालं ते सांगतो."

गोष्ट मागच्या वर्षीची. अठरा नोव्हेंबर, मंगळवार. अवस दोन दिवसांवर आलेली.

दरेकशाच्या रस्त्याला भूपेंद्रचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. शहरात शिकून तो गावी परतला, तेव्हा म्हणाला होता, आता आपल्या लोकांना कागदासाठी चकरा माराव्या लागणार नाहीत. तेव्हा ते त्याला खरंच वाटत होतं. पुढं दिवसातून पन्नास वेळा तो एकच वाक्य बोलू लागला. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. समोर कोण उभं आहे हेही मग तो बघेनासा झाला.

त्या रात्री तो शटर ओढणार, तोच गावातली शामकला आली. सोबत तिची गुंजन. गुंजनला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. पण रात्री बाराच्या आत वेबसाईटवर 'मंजूर' दाबायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. मायलेकी दिवसभर धान कापत होत्या. मेसेज पाहिला तोच अंधार पडल्यावर.

भूपेंद्रच्या तोंडात 'उद्या' आलंच होतं. त्यानं ते गिळलं.

दारात टायरच्या वहाणांचा एक जोड होता. आपल्याकडे नंबर असाच लावतात. पहाटे कोणी चप्पल ठेवतं, कोणी दगड, कोणी पिशवी, आणि घरची कामं आटपून येतं. वस्तू रांगेत आहे तोवर नंबर तिच्या धन्याचा. ती कोणी हलवत नाही. पण एवढ्या रात्री कसली रांग? कोणीतरी विसरलं असेल. भूपेंद्रनं वहाणा पायानं बाजूला लोटल्या.

"या वो काकू. आता कोणी नाई."

"पायानं?" प्रफुलनं मध्येच विचारलं.

"पायानंच."

तो कॉम्प्युटरपुढं बसला. पेज उघडेना. पुन्हा उघडून पाहिलं. दुसऱ्या ब्राऊझरमधून पाहिलं. जुना साठलेला कचरा साफ केला. तारीख-वेळ तपासली, ती बरोबर होती. राऊटर बंद करून चालू केला, दिवे नीट लागले. बातम्या उघडत होत्या, हवामान उघडत होतं. हे एकच पेज उघडेना. पांढरा पडदा, आणि मधोमध फिरणारा गोल.

"मशीन झोपली का गा?" शामकलानं विचारलं.

"झोपली नाई काकू. विचार करून राहिली."

"तिले म्हणा, आमी चार वाजता उठलो. विचार सकाळी करजो."

भूपेंद्र हसला, पण डोळे मिटायला आले होते. त्यानं गोंदियात दुलीचंदला फोन लावला. त्याचंही असंच दुकान.

"मेरे यहाँ तो खटाखट खुल रहा है," दुलीचंद म्हणाला. "लड़की का नंबर बता." मग नुसती की-बोर्डची टकटक. "अरे यार... नंबर डाला और अटक गया."

साडेअकरा झाले. विळ्यानं कापलेलं बोट ओढणीत गुंडाळून गुंजन त्या गोलाकडं बघत होती.

शामकला वारा घ्यायला दाराशी गेली. आणि तिथंच थांबली.

"भूपेंद्र... ह्या वहाना कोनाच्या?"

"मी बाजूले केल्या होत्या नं."

"दारातच आहेत. सरळ लावून. तोंड आतमंदी."

ती वाकली. हात मात्र लावला नाही.

"पट्ट्याले तार बांधली आहे. ह्या तं... टिकारामच्या."

भूपेंद्रला आठवलं. टिकाराम. निराधारची पेन्शन अडकलेला म्हातारा. अंगठा लावायला रोज यायचा, रोवणीच्या दिवसांत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावता लावता, चिखलाच्या पायांनी. पेज उघडायचं नाही. उद्या या. उद्या या. मग एक दिवस तो धानाच्या बांधीतच, चिखलात पडला. त्याला जाऊन चार महिने झाले होते.

राऊटरचे दिवे लुकलुकत होते. गोल फिरत होता.

भूपेंद्र उठला. दाराशी गेला.

"काका... या. नंबर तुमचा आहे."

बाहेर रस्ता. अंधार. कुत्रंही नाही.

मागं खुर्ची सरकली. थोडीशीच. गुंजननं आईचा हात धरला.

भूपेंद्र परत येऊन बसला. बाजूच्या खुर्चीकडं त्यानं पाहिलं नाही. पेन्शनचं पेज लावलं. लगेच उघडलं. म्हाताऱ्याचा आधार नंबर त्याला पाठ होता. इतक्यांदा टाकलेला. त्यानं अंगठ्याचं यंत्र रिकाम्या खुर्चीपुढं सरकवलं.

"लावा, काका."

लाल बत्ती.

लाल...

लाल...

हिरवी.

पडद्यावर आलं, 'नोंद यशस्वी.'

नंतर गुंजनचं पेज उघडलं. तिनं स्वतः बटण दाबलं. बारा वाजायला फार वेळ उरला नव्हता. भूपेंद्रनं कागद छापून दिला. तिघं एकमेकांकडं न बघता घरी गेली.

यादोराव थांबले. शेकोटीतलं लाकूड खाली बसलं.

"मंग?" उमेंद्रचा आवाज बारीक झाला होता.

"मंग काय. पोरगी नागपूरले शिकून राहिली."

"आन् भूपेंद्र?"

"भूपेंद्रनं सकाळी शटर उघडलं. खुर्ची ओली होती. तिच्यावर पऱ्ह्यांची एक जुडी. हिरवीगार. मुळांले चिखल."

"उन्हाळी धानाचे पऱ्हे असतीन," प्रफुल घाईनं म्हणाला.

यादोरावांनी शेकोटीत एक काडी सारली.

"त्याचं बी टाकाले अजून महिना होता, बापू."