द्राक्षाची हवा

जयराज, ठेव तो फोन खाली. नवी पिकअप घेतलीस, उद्या डोंगर चढणार म्हणतोस, आन् टायरात हवा किती ठेवायची ते तुला कोण कुठला मोबाईलवाला शिकवतोय. उभा जन्म पलटणीत गाड्या हाकल्या मी, पर मला इचारायला तुमाला लाज वाटती. मोकळी गाडी आन् सुटा मुरूम असला की हवा कमी करायची. टायर पसरतो, जमीन धरतो. टणक ठेवलास तर गाडी उड्या मारती. एवढं साधं हाय. गोमटेशला बी हे कळत व्हतं, म्हणून तर त्याची जास्त चीड येती.

गोमटेश म्हंजे तासगावचा द्राक्षबागाईतदार. माझ्या चांगल्या वळखीचा. त्याची तऱ्हा ऐका. पिकअपमधी द्राक्षं भरली की मणी दबू नयेत म्हणून टायर मऊ ठेवायचा. आन् डोंगरावरनं बागंत कामाला बाया आणायच्या, तवा हवा ठासून भरायचा. जास्त बाया कोंबता येत्यात की! त्यातली मनुबाई म्हणायची, "मालक, लय हिसकं बसत्यात." ह्यो म्हणायचा, "तू काय द्राक्ष हाईस व्हय?" आन् वर हसायचा, निर्लज्ज.

एक दिवस डोंगराच्या वळणावर ती टणक टायरं मुरमावर घसरली. मनुबाई मागच्या हौद्यातनं फेकली गेली. जागच्या जागी गेली बिचारी. ह्यानं रस्त्याला नावं ठेवली आन् मोकळा झाला.

मग गेल्या माघातली अवस आली. वार शनवार. ह्याची आई, राजमतीकाकू, डोंगरावरच्या जैन मंदिरात दर्शनाला गेलेल्या. सांजंला फोन आला, काकूंच्या छातीत दुखतंय. ह्यो मोकळी पिकअप घेऊन निघाला. पायथ्याला थांबला आन् चारी टायरांची हवा सोडली. आईच्या टायमाला बरं आठवलं!

वर जाऊन आईला शेजारच्या सीटवर बसवली आन् उतरायला लागला. दिवस बुडालेला. काकूंना दम लागलेला. लवकर दवाखाना गाठला न्हाई तर काय खरं नव्हतं.

तेच वळण आलं.

गाडी मागनं खाली बसली. हौद्यात कोण चढल्यावर बसती, तशी.

ह्यो उतरला. मागं गेला. कोणी न्हाई. मागची टायरं दबलेली. गेज लावला... हवा तेवढीच.

परत येऊन बसला. काकू मान वळवून मागच्या काचंतनं बघत व्हत्या.

"नीट बसलीस न्हवं गं, मनुबाई?"

"आई... कुणाशी बोलतीस?"

काकूंनी हातानंच खुणावलं, हाक गाडी.

एका अंगाला दरी. चाकाखाली मुरूम. मोकळ्या गाडीचं बूड दरीकडं सरकलं असतं. सरकलं न्हाई. मागचं वजन जमीन धरून व्हतं. एक वळण... दुसरं... मागं कोणतरी खोकलं. ह्यानं आरशात बघितलं न्हाई. रडत व्हता.

डांबरी लागली. गाडी मागनं उचलली. हलकी झाली.

काकू वाचल्या. अजून हाईत. म्हणत्यात, "मनुबाईनं आणलं मला." आन् ह्यो दीडशहाणा गावभर सांगत सुटला, कसली गाडी काढली मी!

पुढच्याच आठवड्यात त्यानं परत हवा ठासली. परत बाया कोंबल्या. सुधारंल तो गोमटेश कसला! हौद्याचा मागचा फाळका लावला, चावी फिरवायला गेला...

मागनं आवाज आला. सूंऽऽ...

त्यानं वॉल्व बदललं. टायरं नवी घातली. भोक कुठंच न्हाई. द्राक्षं भरली तर कणभर हवा जात न्हाई. बाया चढल्या की सुटती.

आन् सगळी बी सुटत न्हाई, गड्यांनो. द्राक्षाला ठेवायचा, तेवढी राहती.