बेटावर निघालेली मगर

मगरीचं मुंडकं संध्याकाळच्या आत सापडलं, चोराने गुन्हा कबूल केला आणि त्याला चहा देण्यात आला.

हे तुम्ही वाचलेलं नाही. दुपार आहे, मुंडकं गायब आहे आणि पोशाखवाल्या काकू खासगी तपासनीस बाईंच्या दारात उभ्या आहेत.

"उद्या सकाळी विमान आहे," काकू म्हणाल्या, "आणि मगरीला मुंडकं नाही."

बाई पूर्वी परीक्षांवर पर्यवेक्षिका होत्या. अजूनही त्यांनी नुसतं बघितलं तरी माणसं आपसूक बाह्या वर करून दाखवत. मदतनीस म्हणून त्यांचे जावई असत. लेक म्हणाली होती, घरी बसण्यापेक्षा तुझ्याकडे बसू दे. ते बसत.

"मगर पाळीव होती का?" जावयांनी विचारलं.

"कापडी होती."

"बसा," बाई काकूंना म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही उठा. खुर्ची एकच आहे."

काकूंनी बसून सगळं सांगितलं. दूर समुद्रात एक उष्ण, हिरवंगार बेट होतं. तिथे वर्षातून एकदा सोंगांचा उत्सव भरे. सोंगाशिवाय प्रवेश नाही आणि फक्त प्रौढांसाठी. काकूंनी नाव नोंदवलं होतं: एक मगर, माणसं तीन.

"मी मुंडक्यात, माझा भाऊ पोटात, हे शेपटीत. मुंडक्याशिवाय गेलो तर लोक म्हणतील, ही कसली मगर, ही तर घडी न घातलेली गादी." काकूंनी पदराने चेहरा पुसला. "उभा जन्म लोकांना सजवण्यात गेला, बाई. कुणाच्या पोराला वाघ केलं, कुणाच्या नवऱ्याला राजा. मी स्वतः कधी काहीच झाले नाही. एकदाच मिरवणुकीत पहिल्या रांगेत चालायचंय. मग मरेपर्यंत लोकांची मापं घेईन, तक्रार नाही."

"तिकिटं आणि पासपोर्ट कुठे आहेत?"

"मगरीच्या जबड्यात ठेवले होते. म्हटलं, चोर आला तरी तिथे हात घालणार नाही. त्याने घातला. सगळं काढून कापायच्या टेबलावर ठेवलं आणि उडू नये म्हणून वर कात्री ठेवली."

"चांगल्या घरचा दिसतो," जावई म्हणाले.

बाईंनी चपला घातल्या.

काकूंच्या दुकानात डांबराच्या गोळ्यांचा वास होता. दोरीवर पंख, कातडी आणि झगे लटकत होते. खुंटीला मगरीचं बिनमुंडक्याचं धड टांगलेलं होतं. ते पाहून जावयांनी क्षणभर डोळे मिटले. जमिनीवर बांधाबांधीचा पसारा होता आणि आरशासमोर एक अस्वल पोट वर करून निजलं होतं.

"भाड्यावरून आजच परत आलंय," काकू म्हणाल्या. "ह्यांनी वाऱ्याला टाकलंय."

खुर्च्यांवर बॅगा होत्या. जावई अस्वलाच्या पोटावर बसले.

"मुंडकं बाहेर कसं नेलं असेल?" बाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. तीन महिने रोज आम्ही गल्लीत सराव करतोय. मगर दिसली की समोरचा न्हावी वस्तरा थांबवतो, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बघायला बाहेर येतं. आज कुणी काही नेलेलं पाहिलं नाही. मी सगळ्यांना विचारलं. जेवायला दुकान बंद केलं तेव्हा मुंडकं होतं, उघडलं तेव्हा नव्हतं. किल्ल्या तिघांकडे आहेत. भाऊ, लेक आणि हे."

"एकेकाला पाठवा."

पहिला भाऊ आला. तो दंतवैद्य होता आणि मगरीचे दात त्याने बसवले होते.

"दुपारी आला होतात?"

"आलो होतो. दात घासायला."

"कुणाचे?"

"मगरीचे. मुंडकं जागेवर नव्हतं. वाटलं, ताईने बांधलं असेल."

"पोटात चालायचा कंटाळा आला असेल."

"कंबरेचं खोबरं झालंय. पण बाई, ते दात तुम्ही पाहायला हवे होते. अक्कलदाढासुद्धा आहेत."

"मगरीला अक्कलदाढा नसतात."

"माझ्या मगरीला आहेत. उत्सवाच्या परीक्षकांसमोर ताई जबडा उघडून दाखवणार होती. उभ्या आयुष्यात माझं काम कुणी टाळ्या वाजवून बघितलेलं नाही. लोक माझ्याकडे येतात ते रडत."

त्याच्यामागून काकूंची लेक आली. अठराला महिना कमी. हाताची घडी आणि तोंड वाकडं.

"तुला नेत नाहीत म्हणून राग आलाय?"

"आई, बाबा आणि मामा एका मगरीत शिरून नाचणार," ती म्हणाली, "आणि लहान मी."

"मग विमान चुकलं तर बरंच."

लेकीचा चेहरा उतरला. "चुकणार नाही ना? टॅक्सी मी सांगून ठेवलीय. बॅगा मीच भरल्या. गजरसुद्धा लावलाय, तिघांच्या फोनवर."

"दुपारी इथे कशाला आली होतीस?"

"रंगीत दिवे न्यायला. मैत्रिणी येणार आहेत. अभ्यासाला."

"अभ्यासाला रंगीत दिवे?"

"अंधारात कसा होणार?"

बाईंनी तिच्याकडे पर्यवेक्षिकेच्या नजरेने पाहिलं. लेकीने नकळत बाह्या वर केल्या.

"जा," बाई म्हणाल्या. "आणि आवाज कमी ठेवा."

जावई अस्वलावर चुळबुळ करत होते. "आई, ह्या अस्वलात ढेकूण झालेत. चावतायत."

"उठून दाखवा."

ते उठले. पँटला मागे भोकं पडली होती. सगळी एका ओळीत, शिवणयंत्राने घातल्यासारखी.

"शिस्तीचे ढेकूण आहेत," बाई म्हणाल्या. "बसा परत. हलू नका."

शेवटी काका आले. शेजारीच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बोलायच्या आधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती.

"दुपारी काय केलंत?"

"अस्वल आलं. ते पसरलं. मग जेवलो."

"मेहुणे माणूस म्हणून कसे आहेत?"

काकांनी विचार केला. "डाव्या खिशाखाली रफू आहे. पट्ट्याची एक वादी तुटलीय. करडी पँट मागून उसवत आलीय, सांगा त्याला. मला सांगायला बरं वाटत नाही."

"मी स्वभाव विचारला."

"तिकडे तोंड नसतं त्याचं."

"बरं. बेट कसं आहे?"

काका बदलले. चष्मा पुसायचाही राहिला. "दक्षिणेच्या टोकाला दीपगृह आहे. मिरवणूक तिथपर्यंत जाते आणि परत येते. भरतीला खडकांतून पाणी उडतं, माडाइतकं उंच. एका बाजूचा समुद्र निळा आणि दुसऱ्या बाजूचा हिरवा. मध्ये नुसती वाळूची पट्टी. लाल चोचीचे पक्षी त्या पट्टीवर ओळीने बसतात."

"बॅगेत काय घेतलंत?"

"दुर्बीण."

"शेपटीत?"

काका पुन्हा चष्मा पुसू लागले.

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. "जावईबापू, आधी तुमचं मत."

"चोर बाहेरचा आहे," जावई म्हणाले. "वनखात्याचा. मगर विनापरवाना होती."

"उत्तम. ते सोडून दुसरं बघू." बाई कापायच्या टेबलाला टेकल्या. "ज्याला प्रवास मोडायचा असतो तो तिकिटं लपवतो. तिकिटं जबड्यातच होती, त्याच्या हातात आली होती. त्याने ती नीट ठेवली, वर वजन ठेवलं. म्हणजे त्याला बेटावर जायचंय. अगदी मनापासून जायचंय. त्याला फक्त मगर नकोय."

जावयांनी मान डोलावली.

"भाऊसाहेबांना मगर हवी आहे. त्यांचे दात जगाने पाहायचेत, ते मुंडकं कशाला लपवतील? लेकीला तर तुम्ही तिघं कसेही गेलात तरी चालेल. मगर म्हणून, मुंगूस म्हणून, पार्सल म्हणून. फक्त गेलं पाहिजे. तिला राग आहे, पण तिचे दिवे त्याहून महाग आहेत."

"आई, अभ्यास," लेक पुटपुटली.

"राहिले एक. ह्यांना मेहुण्यांबद्दल विचारलं तर ते पँटबद्दल सांगतात, कारण तीन महिने त्यांनी दुसरं काही पाहिलेलं नाही. बेटाबद्दल विचारलं तर दीपगृहापासून पक्ष्यांच्या चोचीपर्यंत सगळं पाठ. मगर म्हणून गेले असते तर समुद्र ओलांडून, त्या दोन रंगांच्या पाण्यापाशी उभं राहून, त्यांनी काय पाहिलं असतं?"

सगळ्यांनी दंतवैद्याच्या करड्या पँटकडे मागून पाहिलं. तो भिंतीला टेकला.

"पण मुंडकं कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"गल्लीतून गेलं नाही, म्हणजे दुकानातच आहे. भाड्याने दिलेलं अस्वल परत येतं तेव्हा रिकामं असतं, काकू. रिकामं कातडं चपटं पडतं. हे अस्वल जेवलेलं आहे. जावईबापूंना मघापासून अक्कलदाढा चावतायत."

जावई उठले, या वेळी बरेच घाईने. काकूंनी अस्वलाची चेन उघडली. आतून मगर त्यांच्याकडे बघत होती.

"मीच ठेवलं," काका म्हणाले. "वाटलं, मुंडकं नसलं की तू म्हणशील, चला, दुकानातून एकेक काहीतरी घालू. मी साधा कावळाही झालो असतो. कावळ्याला दिसतं."

"अहो, पण मग बोलायचं ना. पहिल्याच सरावाला बोलायचं."

"बोललो होतो. शेपटीतून."

काकूंनी भावाकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं होतं, ताई," भाऊ म्हणाला. "पुढे सांगणारच होतो, तेवढ्यात वळण आलं."

लेकीने चहा आणला. चोराला पहिला कप मिळाला.

काकूंनी मुंडकं मांडीवर घेतलं, त्याच्या दातांत अडकलेले अस्वलाचे केस काढले आणि ते नवऱ्याकडे सरकवलं. "तुम्ही व्हा पुढे. मी जाते शेपटीत."

"छे. पहिल्या रांगेत तुला चालायचंय. तेवढ्यासाठी तू हे सगळं शिवलंस. मी बघतोय ना इतकी वर्षं, तू लोकांची बटणं लावतेस आणि ते गेले की आरशात बघतेस."

"मग तुमचा समुद्र?"

"त्याच्याबद्दल वाचलंय मी."

"वाचून होतं का काही?"

दोघंही मुंडकं एकमेकांकडे ढकलत राहिले. मुंडकं सारखं आ वासत होतं.

"दीपगृहापाशी मगर वळते का?" जावयांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाईसुद्धा.

"म्हणजे, वळलीच नाही तर? जाताना काकू पुढे. येताना तशीच उलटी चालत आली, तर काका पुढे. शेपटीला फक्त काचा हव्यात."

"काचा माझ्याकडे आहेत," काका हळूच म्हणाले. "दूरच्या. उत्तम प्रतीच्या."

"नियमात बसत नाही," लेक म्हणाली. तिने फोनवर उत्सवाचे नियम काढले होते. "नोंदवलेल्या प्राण्याने तोंडाच्या दिशेनेच चालावे. नाहीतर मिरवणुकीतून बाद."

"मग बाद करा म्हणावं," काकू म्हणाल्या. "दीपगृहापर्यंत पोचल्यावर करा." त्यांनी कात्री उचलली आणि शेपटीला दोन गोल भोकं पाडली, इतकी नीट की कापडाला दुखलंसुद्धा नसेल. "पण रीतसर विचारायला हवं. नाहीतर म्हणतील, मगरीला वळण नाही. बाई, तुम्हाला सरकारी भाषा येते. तुम्ही सांगा, ही लिहील."

बाईंनी घसा साफ केला आणि लेकीने लिहून घेतलं:

"मा. मिरवणूक समिती यांस. अर्जदार ही एक मगर असून तिच्या शेपटीस समुद्र पाहण्याची इच्छा आहे. तरी दीपगृहापासून परतीच्या मार्गावर सदर मगरीस उलट दिशेने चालण्याची परवानगी मिळावी, त्या वेळेपुरते शेपटीस मुंडके व मुंडक्यास शेपटी समजण्यात यावे, आणि मिरवणुकीतील उर्वरित सर्व प्राण्यांनी वाळूच्या पट्टीवर थोडे खाली वाकून चालावे, जेणेकरून दोन्ही बाजूंचे पाणी दिसेल, ही नम्र विनंती."