आईवर गेलेला हात

मिरजेच्या त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर हात बसवत नसत, उगवू देत. आता लोकांना त्याचं फारसं नवल उरलं नव्हतं. माणसाला कशाचीही सवय होते, त्याला कोण काय करणार?

पालीची तुटलेली शेपटी परत येते, हे घरोघरी ठाऊक असतं. माणसाच्या पेशींनाही ते जमलं असतं; त्यांच्यात कुवत आहे, फक्त पत्ता नाही. अंगठा कुठे, करंगळी कुठे, कोपरापासून मनगट किती लांब, हे सांगणारी एक अत्यंत मंद वीज गर्भात असताना पेशींमधून खेळत असते. शास्त्रज्ञांनी तिला ‘अंगनकाशा’ म्हटलं. धडधाकट अवयवावरून तो उतरवून घ्यायचा आणि जिथे अवयव नाही तिथल्या पेशींना वाचून दाखवायचा, एवढीच ती किमया.

सात वर्षांच्या नीराचा डावा हात जन्मापासून कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर थांबला होता. सोलापूरच्या शिशुगृहातून ऋजुता कारखानीसने तिला एकटीच्या हिमतीवर घरी आणलं, तेव्हा ती तीन वर्षांची होती.

“दोन वाटा आहेत,” डॉ. शमा मुजावर म्हणाल्या. “हिच्याच उजव्या हाताचा नकाशा उलटा करून वापरायचा. आरशात दिसतो तसा. पण उलटा नकाशा वाचताना पेशी गोंधळतात. दोन वर्षं लागतात आणि कधीकधी बोटं नीट सुटी होत नाहीत.”

“आणि दुसरी?”

“दुसऱ्या कुणाचा तरी डावा हात. सात महिन्यांत काम होतं. पेशी हिच्याच, रंग हिचाच. घडण मात्र त्या माणसाची येईल.”

“माझा घ्या,” ऋजुता लगेच म्हणाली.

“घाई नको, ताई. नीरा, तुला काय वाटतं गं?”

नीरा डाव्या हाताच्या टोकाने मातीचा गोळा दाबून त्याची वाटी करत होती. “मला सगळं येतं की,” ती म्हणाली. मग आईकडे बघून म्हणाली, “पण आईला हवा असेल तर चालेल.”

सात महिने आणि सरळ बोटं, हे कारण खरंच होतं. पण ऋजुताच्या मनात आणखी एक सल होता. नीराला घरी आणल्यावर हौसेनं केलेल्या बारशाला सगळे आले, पेढे खाल्ले, कौतुक केलं. फक्त मूल बघताना जे कुणीही म्हणतंच, ‘कोणावर गेलीय हो?’, तेवढं कुणी म्हणालं नाही. त्या गप्प बसण्याने ती चार वर्षं आतून पोळत होती.

नीराच्या हाताला कोमट द्रवाचा पारदर्शक कोश चढवला. एकोणिसाव्या दिवशी त्यात पाच ठिपके दिसले. महिन्याभरात त्या ठिपक्यांच्या पाकळ्या झाल्या, पाकळ्यांना सांधे फुटले, सांध्यांवर सुरकुत्या उमटल्या. कुणी कोरत नव्हतं, कुणी जोडत नव्हतं. ऋजुताने नकळत हात जोडले.

“मी बेचाळिसावा हात बघतेय,” डॉ. मुजावर हळू आवाजात म्हणाल्या, “पण अजून खुर्चीत बसून बघवत नाही. उभीच राहते.”

सातव्या महिन्यात कोश उतरला. किंचित वाकडी करंगळी, चपटा अंगठा, लांब तर्जनी. लहान होता, पण हात ऋजुताचाच होता.

घरी जत्रा लोटली. सरोजमावशीने तो हात हातात घेतला आणि जवळजवळ ओरडलीच, “अगं बाई! अगदी आईवर गेलाय!” मग जो तो तेच म्हणू लागला. दोघींचे डावे हात शेजारी ठेवून फोटो काढले गेले. ऋजुताचा आनंद घरात मावेना. येता-जाता ती त्या हाताचे मुके घ्यायची. नीरा शहाण्यासारखी हात पुढे करून बसायची.

दोन महिन्यांनी तपासणी होती. बोटांची पकड उत्तम होती, स्पर्श उत्तम होता. डॉक्टर खूश झाल्या. तेवढ्यात नीराने बाही वर सारून उजवा हात टेबलावर ठेवला.

“आणि हा कोणावर गेलाय?”

डॉक्टरांनी ऋजुताकडे पाहिलं. “ते... कुणालाच माहीत नाही, बाळा.”

“मग हा काढून टाका. इथेही आईचा उगवू द्या.”

“अगं, हा तर छान आहे! याला काही झालेलं नाही.”

“तरी,” नीरा म्हणाली. तिने याचा नीट विचार केलेला दिसत होता. “नंतर पाय करा. चेहरा शेवटी केला तरी चालेल.”

ऋजुताने तो उजवा हात ओढून छातीशी धरला, त्याचे पटापट मुके घेतले आणि ती रडू लागली. नीराने थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग तो हात हळूच सोडवून घेतला आणि आईच्या ओंजळीत डावा ठेवला.

“तो नको, आई,” ती समजूत काढत म्हणाली. “हा धर. तुझा हा आहे.”