पन्नास पावलं धूर

काडेपेटी आणायला कितीसा वेळ लागतो? पण सीपरी बाजारात जिलबीची कढई आडवी आली, कढईपाशी दोन दोस्त आडवे आले, आणि पहाटे घरातून निघालेला जगन्नाथ परतला तेव्हा झाशीचं ऊन पार भिंतीवरून खाली उतरलं होतं. वैशाख होता. हातात काडेपेटी, पुड्यात पावशेर जिलबी, आणि डोक्यात एकच काम : मागचं गवत.

त्या रेल्वे क्वार्टरांच्या मागे, रुळांपर्यंत, गुडघाभर गवत वाळून उभं राहायचं. इंजिनातून एखादी ठिणगी पडली की ते पेटणारच. म्हणून दरवर्षी ते आपणच आधी जाळून टाकायचं. त्याची रीत होती. पहाटे, वारा निजलेला असताना, ओली पोती हाताशी घ्यायची, घरालगतची चार हात पट्टी आधी जाळून विझवायची, आणि मग रुळांकडे सरकायचं. सहा वर्षं हे काम जगन्नाथचा थोरला भाऊ विश्वंभर करी. तो इंजिनावर फायरमन होता. आगीला कधी चारा घालायचा आणि कधी उपाशी ठेवायचं, हे त्याला पोळी भाजण्याइतकं सोपं वाटे.

माघात तो आठ दिवसांच्या तापाने गेला. पोटी मुलगा नव्हता; बायको कमळा अवघडलेली होती. म्हणून अग्नी दिला जगन्नाथने. चौथीत शाळा सोडलेला, एकोणीस वर्षांचा, कुणाशीही भांडायला आणि कुणासाठीही धावायला सदा तयार असा हा पोरगा त्या दिवसापासून काडीला शिवला नव्हता. वहिनी चूल पेटवू लागली की तो उठून अंगणात जाई. पण आज त्याने ठरवलं होतं. दादाचं काम दादाच्या भावानेच करायचं.

"आता?" कमळावहिनीने जिलबीचा पुडा घेतला आणि आभाळाकडे पाहिलं. "लू सुटायची वेळ झाली, भाऊजी. उद्या पहाटे करा."

"दादाला काय चार हात होते?"

"हात दोनच होते. पण डोकं होतं एक."

आणि ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी जगन्नाथ त्या घटकेला गवतच काय, अख्खी झाशी जाळायला तयार झाला असता.

तान्ह्या लेकीवरून हात फिरवून, धुण्याची बादली उचलून वहिनी निघाली. नळ चाळीच्या पार टोकाला होता. "बकुळ झोपलीय पाळण्यात. तिच्यावर नजर ठेवा. आणि काडी ओढायची नाही!"

"नाही ओढत."

तिचा पदर वळणाआड गेला आणि हा काडेपेटी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. शेजारचे अनंतराव, पेन्शनीत निघालेले गार्डसाहेब, रुळांपलीकडच्या विहिरीवर चालले होते. "काय जगन्नाथपंत, मुहूर्त टळला की!" ते ओरडले.

"आमचा मुहूर्त आमच्या खिशात असतो, काका!"

रुळांवरून एक गँगमन चालला होता. तो थबकला, माथ्यावरच्या उन्हाकडे बोट दाखवलं. "काए भैया, जा बेरा आगी लगा रए?"

जगन्नाथने हात हलवला. पट्टीबिट्टीच्या भानगडीत कोण पडतो? रुळांच्या कडेलाच पेटवावं, एका दमात सगळं साफ. त्याने काडी ओढली.

पहिली पाच मिनिटं सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग लू, दुपारचा तो तापलेला वारा, सुटली. पश्चिमेकडून, रुळांवरून, भट्टीचं दार उघडावं तशी. आग आडवी झाली आणि घरांकडे धावू लागली. आपण काय केलं ते जगन्नाथला उशिरा कळलं, पण पायांना आधी कळलं. तो आगीच्या पुढे पळत मागच्या दारातून घरात शिरला आणि पाळण्यातून चाळीस दिवसांची बकुळ उचलली. पुढच्या दाराकडे वळला, तर दाराला गारव्यासाठी लावलेली खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, एव्हाना उडत्या ठिणगीने पेटला होता. सकाळी त्या टट्टीवर पाणी मारायचं काम त्याचंच होतं. तेही जिलबीत राहिलं होतं.

पुढे जाळ. तो पुन्हा मागे आला. परसातलं गवत जळून खाक झालं होतं, पण कुंपणापाशी रचलेल्या, रुळांखाली घालायच्या डांबरी लाकडी स्लीपरांनी पेट घेतला होता. त्यांचा धूर असा काळा आणि जड, की भर दुपारी अमावास्या पडावी. सूर्य कुठेच नव्हता. घशात डांबर, डोळ्यांत मिरच्या, तळव्यांखाली ऊन राख. इथून रूळ पन्नास पावलं. रोज तो ती शीळ घालत चाले.

बकुळ रडत होती. तेवढं एकच ऐकू येत होतं. दहा पावलं गेली. वीस गेली. मग दिशा गेली.

"इकडे..." धुरातून कुणीतरी म्हणालं. "पोर दे माझ्याकडे. पुढे सिग्नलची तार आहे, पडशील."

अनंतराव आले! जगन्नाथचा जीव भांड्यात पडला. दोन हात पुढे आलेले त्याने जेमतेम पाहिले आणि पोर त्या हातांत दिली. चाचपडत तार ओलांडली.

"कुठे आहात?"

"हा काय, इथे. चाल, जगूशेठ."

जगन्नाथ जागीच उभा राहिला.

त्याला जगूशेठ म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्या अस्थी याने स्वतः ओरछ्याला बेतवेत सोडल्या होत्या.

"...दादा?"

 फक्त खडीवर बुटांचा आवाज. दोन पावलं. मग थांबला. डांबराच्या वासातून दुसरा एक वास आला... इंजिनाच्या तेलाचा, ओल्या कोळशाचा. शिफ्ट संपवून दादा दारात उभा राहिला की घरभर व्हायचा, तोच.

खरं सांगायचं तर जगन्नाथला आधी भीती वाटलीच नाही. आनंद झाला. तीन महिने साठलेल्या शंभर गोष्टी एकदम तोंडाशी आल्या. आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की बकुळचं रडणं थांबलं आहे.

"दादा... पोर दे."

"थांब रे. बघू तर दे जरा."

धूर त्या दोघांमध्ये भिंतीसारखा उभा होता.

"नाव काय ठेवलंत?"

"बकुळ."

"हं... नाक कमळेचं आहे. कान मात्र तुझे. सुपाएवढे."

जगन्नाथला हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता रडू आलं. डोळे पुसून पाहतो तो समोर नुसता धूर. मग पुन्हा बुटांचा आवाज. पण आता लांबून. आणखी लांबून.

"दादा, जाऊ नकोस!" तो ओरडला, आणि लगेच त्याला कळलं की आपण चुकीचं मागतोय. त्याने आवाज खाली आणला. "दादा... जा. पण तिला दे. वहिनी नळावरून येईल. मी रिकाम्या हातांनी तिच्यापुढे उभा कसा राहू?"

 कुठेतरी स्लीपर तडकला.

"घे," अगदी कानाशी आवाज आला. "घट्ट धर. आणि गवत पहाटे जाळतात, गाढवा."

ओंजळीत वजन पडलं. पोर गार होती. त्या भट्टीत, सुरईसारखी गार. जगन्नाथ तिला छातीशी आवळून सरळ धावला, तीसेक पावलं, आणि खडीवर, लख्ख उजेडात येऊन कोसळला. बकुळने डोळे उघडले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा टाहो फोडला.

धापा टाकत वहिनी आली. तिने आधी पोर घेतली, मग त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग त्यालाही जवळ घेतलं. गँगमनांनी ओल्या पोत्यांनी आग झोडपली. घर वाचलं, टट्टी गेली, पाळण्याची दोरी गेली. वहिनीने डब्यात घालून ठेवलेली जिलबी मात्र शाबूत निघाली. अनंतरावांनी तिच्यातली दोन वेटोळी उचलली आणि म्हणाले, "झाशीत धुरी दिलेली जिलबी फक्त तुमच्याकडे!"

"काका, तुम्ही धुरात कुठवर आला होतात?" जगन्नाथने हळूच विचारलं.

"मी? या दम्याने? विहिरीवरून हललो नाही, बाबा."

मधल्या वेळात पोर कुणाच्या हातांत होती, हे जगन्नाथने वहिनीला कधीच सांगितलं नाही.

संध्याकाळी वहिनी बकुळला न्हाऊ घालायला बसली. पोरीची उजवी मूठ काही केल्या उघडेना. एकेक बोट सोडवलं तेव्हा आतून सुताचा गुंता निघाला. इंजिनावरची माणसं हात पुसायला वापरतात तसला, काळ्या तेलाने ओला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो चुलीकडे पाहत राहिला. तिने तो गुंता चुलीत टाकला. तो भडकून जळाला.

सकाळी नवी दोरी लावलेल्या पाळण्यातली पोर हसत होती. मूठ पुन्हा मिटलेली होती, बोटांच्या फटींतून काळं तेल झिरपत होतं.

या वेळी दोन्ही.