बद्द वाजलेला गिअर

सगुणाचं काम कानाचं. रोह्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पोलादाची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून गिअर बनत. भाजलेला प्रत्येक गिअर सगुणा लोखंडी ठोकळ्यावर वाजवून बघे. खणखणला तर पास. बद्द वाजला तर आत तडा. साहेबांनी त्यासाठी मशीन आणलं, महिन्याभरात गुंडाळून ठेवलं. असा कान विकत मिळत नाही, सांगून ठेवते.

त्या दुपारी भट्टी चार दिवसांची थंड होती. गिअर आत नेणारा पट्टा अडकलेला. सगुणा मागचा उरलेला ट्रे संपवत होती आणि तिचा लेक नितेश भट्टीचं दार उघडत होता. बापाच्याच जागेवर लागला होता तो. तीन वर्षांपूर्वी तो बाप, हिरामण, असाच थंड भट्टीत वाकला, आणि आत साठलेल्या नायट्रोजनने हूं की चूं करू न देता त्याचा जीव घेतला. त्या वायूला वास नसतो, तो मीटरलाच कळतो.

"मीटर लावलास का रे?"

"आये, गॅस कालच बंद केलाय. तू गिअर वाजव, माझं डोकं नको वाजवू."

खण्ण. खण्ण. खण्ण...

बद्द.

तिने गिअर उचलला आणि हात झटकला. गरम! चार दिवसांच्या ट्रेमध्ये? पदरात धरून तिने तो उजेडात नेला. कडेवर खळगा होता. वाकड्या अंगठ्याचा.

हिरामणला हातमोजे सोसत नसत. कच्चा गिअर बिस्किटासारखा ठिसूळ. त्याने उचलला की त्याच्या वाकड्या अंगठ्याची खूण पडायचीच, आणि भाजल्यावर ती कायमची पोलादी व्हायची. असे कितीतरी गिअर सगुणाने त्याला शिव्या घालत भंगारात टाकले होते. तीन वर्षांत मात्र एकही आला नव्हता.

"नितेश..."

ती वळली. नितेश खांद्यापर्यंत भट्टीत होता आणि त्याचे पाय सैल पडत चालले होते.

गिअर पदरात खोचून, श्वास कोंडून तिने त्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि सगळ्या अंगानिशी मागे ओढलं. दोघं फरशीवर कोसळली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिने छाती चोळली, गालावर फाडफाड मारलं, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. शेजारच्या टेबलाशी काम करणाऱ्या अनिताने धावत येऊन काठीला बांधून मीटर आत घातला, तसा मीटर किंचाळायला लागला. नायट्रोजनचा बंद केलेला व्हॉल्व्ह झिरपत होता.

"आये... आत कोणीतरी हात धरला माझा," नितेश पुटपुटला. "बाबांसारखा."

"बाहेर ढकलत होता ना रे?"

नितेशने भट्टीच्या दारापासून पाय जवळ ओढून घेतले.

सगुणाने पदरातला गिअर काढला. अजून गरमच. वाकड्या खुणेच्या शेजारी आता दुसरी खूण होती, सरळ अंगठ्याची, नुकतीच उमटलेली. भाजलेल्या पोलादावर अशी खूण उठत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

नितेशने हात पुढे केला. त्याचा अंगठा त्या नव्या खळग्यात नीट बसला.