शिखराखालची सूज

गढवालातल्या एका नाव नसलेल्या हिमशिखरावर खान्देशातली पहिली पावलं उमटवायची, एवढ्यासाठी १९८८ च्या जूनमध्ये तिघे निघाले होते. पुढारी धुळ्याचे डॉक्टर लीलाधर. अमळनेरकडच्या खेड्यातला दणकट सुकदेव. आणि पारोळ्याच्या कापडदुकानातला सडपातळ पुखराज. अठरा हजार फुटांवरच्या शेवटच्या तळावर ते पोचले आणि वादळानं त्यांना दोन तंबूंत कोंडलं. आभाळ उघडलं की शेवटचा कडा दोघांनीच चढायचा, तिसऱ्यानं तळ सांभाळायचा. ते दोघे कोण, हे डॉक्टर सांगणार होते.

आणि तिथंच सुकदेवच्या मनात संशयाचं पिल्लू शिरलं!

पुखराज सारखा तंबूबाहेर जाई. बाहेर वारा नुसता पिसाटलेला, हिमकण सुयांसारखे टोचत होते, तरी हा गडी घटकाभर स्वस्थ बसेना. परत आला की वितळवलेल्या बर्फाचं पातेलं तोंडाला लावी.

"कोठे जास रे घडी घडी?" सुकदेवनं दरडावलं.

"लघवीला, भाऊ. थांबतच नाही बघा इथं."

"अन् बठ्ठं पाणी तूच पी जास का रे?"

"सगळं कुठं? तुम्हीपण घ्या ना! गिऱ्हाइकाला चहाचा करतो तसा आग्रह करू का?"

सुकदेव हसला नाही. लघवीला म्हणे! डॉक्टरांचा तंबू पलीकडेच होता; तिथं जाऊन हा शिखरासाठी आपली वर्णी लावत असणार! गावच्या सप्ताहात पहिल्या अभंगापासून आरतीपर्यंत मांडी न मोडणारा श्रोता म्हणून सुकदेवचा लौकिक. कीर्तनातून मधेच उठतो तो कच्च्या मनाचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. तो स्वतः कालपासून एकदाही उठला नव्हता! डोकं ठणकत होतं, अंगठी बोटात रुतली होती. पण ते थंडीनं, असं त्यानं ठरवून टाकलं.

सकाळी वारा पडला. शिखर लखलखलं! आणि शेजारच्या तंबूतून पुखराजचा दबका आवाज आला, "सुकदेवभाऊंना वर नेऊ नका, डॉक्टर."

सुकदेव ताडकन बाहेर आला. "कान भरतोस? कपटी!" तो पुढं झेपावला आणि स्वतःच झोकांडला.

डॉक्टरांनी त्याला धरून बसवलं. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"लघवी कधी केलीस?"

"कालपासून नाही! एकदाही नाही!" सुकदेवनं छाती काढली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अरे, विरळ हवेत श्वास जोरात चालतो. त्यानं बिघडलेला रक्ताचा तोल मूत्रपिंडं सावरतात, जादा पाणी बाहेर टाकतात. पुखराज सारखा उठतो, म्हणजे त्याचं शरीर या उंचीला रुळतंय. तुझं पाणी अंगातच तुंबलंय; तुझी सूज बघूनच तो मला सांगायला आला. मेंदूत, फुप्फुसात उतरलं तर खेळ खलास! खाली चल. आत्ताच!"

'दोघांचा कट!' सुकदेवला अजूनही वाटत होतं. पण पाय ऐकत नव्हते. डॉक्टर पुढं, मधे तो, वर पुखराज; तिघे एका दोरीत. निळसर बर्फाचा तीव्र उतार. खाली भेग जबडा वासून बसलेली. इथं यानं दोरी सोडली तर?

पाय सटकला!

आभाळ फिरलं. सुकदेव घसरला. डॉक्टरही ओढले गेले! वर पुखराजनं बर्फकुऱ्हाड रोवून तिच्यावर अंग टाकलं. दोरी ताणली. कुऱ्हाड करकरत सरकली, आणखी सरकली... आणि थांबली.

"हलू नका, भाऊ! विठ्ठलाचं नाव घ्या, मी धरलंय!"

विठ्ठलानंच धरलं म्हणायचं, पुखराजच्या हातांनी!

बऱ्याच खाली, हिरव्या कुरणावर, सुकदेव एका मोठ्या खडकाआडून मोकळा होऊन सावकाश परतला. डोकं हलकं झालं होतं. वर शिखर तसंच कोरं होतं. उघडी हवा असूनही पुखराजनं त्यावर पाणी सोडलं होतं.

"पुखराज, मी तुला मनात लई वंगाळ बोललो रे."

"मनात कुठं? झोपेत ओरडत होता की, चोर, चोर!"

"अन् तरी दोरी सोडली नाहीस?"

"कमरेला बांधली होती ना, भाऊ!"

सुकदेव हसला. कीर्तन संपल्यावर वाकतात तसा तो पुखराजच्या पायांशी वाकला. "अहो, मोठे तुम्ही!" म्हणत पुखराजही घाईनं वाकला, आणि दोघांची कपाळं खाडकन एकमेकांवर आपटली!